चार पाकिटं आणि रविवारचं पारायण

होळीच्या आधीचा गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. रक्कम एक लाख पस्तीस हजार साठ रुपये. हजर: आई, शुभांगी वहिनी, आमच्याकडेच राहणारा माझा चुलतभाऊ नंदू आणि मी. गैरहजर: बाबा, जे रोजच्यासारखे समुद्रावर फेरी मारायला गेले होते, आणि वहिनीचा नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ दादा, जो मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि दिवाळीच्या तोंडावर परतायचा होता. साडेपाच वाजेपर्यंत ही रक्कम घरात कुणालाच माहीत नव्हती. प्रत्येकाला आपापला तुकडा तेवढा माहीत होता.

आम्ही चौघं पडवीत बसून वाल सोलत होतो. भिजवून मोड आलेला वाल दोन बोटांत दाबला की साल मागे राहतं आणि दाणा टुपकन परातीत पडतो. चार माणसं बसली की त्या टुपटुपीला एक लय येते आणि कुणाला बोलावंसं वाटत नाही. एवढ्यात फाटकाशी एक माणूस उभा राहिला. चौकड्यांचा शर्ट, काखेत रेक्झिनची बॅग. म्हणाला, "कर्जाचा हप्ता थकलाय, त्याचं बोलायचं होतं."

आम्ही चौघंही उठलो. एकदम उठलो, त्यामुळे परात उपडी झाली.

"येत्या सोमवारी देते रं बाबा, सोमवारी नक्की," आई म्हणाली.

"साहेब, बोटच फाटली, आता काय माझं कातडं लावू?" नंदू म्हणाला.

"मी कमीत कमी रक्कम भरलेली आहे, पावती दाखवतो," असं मी म्हणालो आणि आत जायला वळलोसुद्धा.

वहिनीने फक्त आपल्या मनगटांवरून पदर ओढून घेतला.

तो माणूस आळीपाळीने आमच्याकडे पाहत राहिला. मग चाचरत म्हणाला, "मला गजाभाऊंचं घर पाहिजे होतं. चार पत्रं धाडली, उत्तर देत नाहीत. हेच ना ते घर?" नंदूने बोट दाखवलं. पलीकडची वाडी. तो गेला, पण कोपऱ्यावर पोचेपर्यंत त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. असं गिऱ्हाईक त्याला त्याच्या नोकरीत पुन्हा भेटलं नसणार.

मग आम्ही खाली बसून सांडलेला वाल वेचू लागलो. आधी कोण हसलं ते मला आठवत नाही, बहुतेक आईच. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. पेणहून एक साडीवाला महिन्याला येत असे, हप्त्याने साड्या देई. आईने त्याच्याकडून वर्षभरात अकरा साड्या घेतल्या होत्या, बाकी नऊ हजार सहाशे. बाबांना प्रत्येक साडी मामाने पाठवली म्हणून सांगितलेली. बाबा चार माणसांत मेव्हण्याच्या उदारपणाचे गोडवे गात असत आणि मामा बिचारा ते ऐकून गोंधळत असे. नंदूचे अडतीस हजार पतपेढीचे. नागावच्या समुद्रावर पर्यटकांना फिरवण्यासाठी त्याने केळ्याच्या आकाराची, फुगवायची पिवळी बोट भागीत घेतली होती. ती दोन शनिवार चालली, तिसऱ्या शनिवारी ओहोटीला खडकावर फाटली, आणि चौथ्या शनिवारी भागीदार मुंबईला गेला तो गेलाच. बोट आमच्या मागील दारी पडलेली होती. आई तिच्यावर बोंबील वाळवत असे.

माझे सत्तावीस हजार चारशे साठ. हे लिहिताना आजही कानशिलं गरम होतात. मी अलिबागला एका कंत्राटदाराच्या ऑफिसात हिशेब लिहायला होतो, पगार बेचाळीसशे, आणि माझ्या वहीत पैशाची चूक सापडत नाही असा माझा लौकिक होता. बँकेने क्रेडिट कार्ड दिलं तेव्हा कागदावर व्याज जेमतेम तीन टक्के छापलं होतं. मला वाटलं, वर्षाला. जगात इतकी दानशूर बँक असताना लोक पतपेढीत का जातात याचं मला नवल वाटलं होतं, आणि तसं मी नंदूला समजावूनही सांगितलं होतं. ते तीन टक्के महिन्याचे होते.

"महिन्याचे?" नंदूने विचारलं. मी मान हलवली. "आणि तू मला शिकवत होतास?" त्याने हात जोडून आकाशाकडे पाहिलं. तेव्हापासून गेली वीस वर्षं मी त्याला कुठलाही सल्ला दिला की तो एवढंच विचारतो, "महिन्याचे की वर्षाचे?"

राहिली वहिनी. तिचे साठ हजार. थळला तिचं माहेर, तिचा धाकटा भाऊ रघू मासेमारीच्या बोटीवर. इंजिन बसलं तेव्हा त्याने दादाकडे पैसे मागितले होते आणि दादाने, "तुझ्या धंद्यात एक पैसा घालणार नाही," असं त्याला तोंडावर सांगितलं होतं. दादा जहाजावर गेल्यावर वहिनीने आपल्या चार पाटल्या अलिबागला सोनेतारण ठेवून पैसे रघूला दिले. दोन महिने ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालत होती आणि आम्हांला वाटत होतं, नवी फॅशन. "हे येतील तेव्हा हातात पाटल्या नसल्या," ती म्हणाली, "तर रघूचं नि यांचं तोंड आयुष्यात एकमेकांकडे होणार नाही. आणि मला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागेल." म्हणून त्याच संध्याकाळी ठरलं की बाकीच्यांनी जेमतेम हप्ते भरत राहायचं आणि आधी सगळ्यांनी मिळून पाटल्या सोडवायच्या. दिवाळीच्या आत.

युक्ती वहिनीची. ती म्हणाली, स्वतःचं पाकीट स्वतःजवळ असेल तर माणूस स्वतःला फसवतो. दुसऱ्याचं पाकीट जपताना मात्र त्याला हुरूप येतो. तेव्हा पाकिटं बदलायची. माझं पाकीट नंदूकडे, नंदूचं वहिनीकडे, वहिनीचं आईकडे आणि आईचं माझ्याकडे. ज्याच्याकडे पाकीट, त्याने त्यातून मूळ मालकाचा हप्ता भरायचा आणि त्याला हातखर्च मोजून द्यायचा. घरातला सर्वांत उधळ्या माणूस माझा खजिनदार झाला, आणि त्याने ते काम इतकं मनावर घेतलं की मी हैराण झालो.

"वीस रुपये दे," मी सकाळी ऑफिसला निघताना म्हणायचो.

"कारण?"

"दाढीचं पातं."

"गेल्या मंगळवारी घेतलंस की. वाढव दाढी. शोभेल तुला, फरारी वाटशील."

मी खरोखरच दाढी वाढवली. त्या वर्षीच्या गणपतीतल्या फोटोत आरतीचं तबक धरलेला एक माणूस आहे, त्याच्याकडे बोट दाखवून माझी मुलगी विचारते, "बाबा, हा कोण?" मी सांगत नाही.

आईची तऱ्हा वेगळी. तिचं पाकीट माझ्याकडे होतं, पण मुलाकडे पैसे मागायचे तर ती मागत नसे, हुकूम सोडत असे. साडीवाला आला की मात्र तिचा आवाज खाली यायचा. न नेसलेल्या तीन साड्या त्याने परत घ्याव्यात म्हणून मी त्याच्याशी पाऊण तास घासाघीस केली, आणि आई दाराआड उभी राहून प्रत्येक साडीला निरोप देत होती. संध्याकाळी बाबांनी कपाटातली रिकामी फळी पाहिली आणि विचारलं, "काय गं, मामाने आहेर परत मागितला की काय?"

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सुट्टे नाहीत म्हणून कुणाचे आठ आणे ठेवले नाहीत आणि स्वतःचे सोडले नाहीत. वाण्याकडे उधारीची वही त्यांच्या नावाने कधी उघडली गेली नाही. अशा माणसाच्या घरात चार कर्जदार आहेत हे त्यांना सांगण्याची छाती आमच्यापैकी एकाचीही नव्हती. त्यात दर रविवारी चौघांनी बसून आठवड्याचा खर्च मोठ्याने वाचायचा, असा नियम ठरला होता. चार माणसं मागच्या पडवीत दार ओढून काय करतात, हे बाबा विचारणारच. त्यांनी विचारलं तेव्हा नंदूच्या तोंडून निघून गेलं, "पारायण करतो, काका."

बाबा इतके प्रसन्न झाले की माघार घेता आली नाही. मग वही लाल कापडात बांधावी लागली, समोर उदबत्ती आली, आणि हिशेब ओवीच्या चालीत वाचणं भाग पडलं, कारण बाबा पुढच्या अंगणात सुपाऱ्या सोलत बसत आणि त्यांना आवाज ऐकू जाई. नंदूचा गळा बरा, म्हणून वाचक तो. "साबणाच्या वड्या दोन, तयासि रुपये तेरा, रिक्षेने गेला सुरेश, बारा तिथे सांडले," असं काहीतरी तो घोळवून म्हणायचा, आणि मग "रिक्षा का? एसटी मेली होती काय?" असं आई त्याच चालीत विचारायची. मला, म्हणजे सुरेशला, त्याच चालीत उत्तर द्यावं लागे. वहिनी हसू दाबण्यासाठी पदराचा बोळा तोंडात धरून बसे. एकदा नंदूचे तीन वडापाव निघाले आणि आईने त्याला ओवीतच इतकं झोडपलं की पुढून बाबांनी हाक दिली, "अध्याय भारी दिसतोय! जरा सावकाश घ्या, अर्थ पोचू द्या."

पुढच्या दोन खोल्या आम्ही शनिवार-रविवार पर्यटकांना द्यायला लागलो. बाबांना सांगितलं, कौलं बदलायची आहेत. त्यांची हरकत नव्हती, उलट त्यांना पुन्हा प्रवासी मिळाले. पुण्याहून आलेल्या कुटुंबाला ते "पुढे सरका, दारात गर्दी नको," म्हणत जेवायला बसवत. आई सोड्यांची खिचडी, वालाचं बिरडं, ओल्या नारळाच्या रसातली घावनं करी. पाहुणे बोटं चाटत आणि जाताना पांढऱ्या कांद्याच्या माळा विकत नेत. एका बाईने मागील दारचं पिवळं केळं पाहून विचारलं, याच्यावर बसता येईल का? नंदूने मोठ्या गंभीरपणे सांगितलं की आधी बोंबलांचं बुकिंग आहे. त्या खोल्यांचे दिवाळीपर्यंत एकोणतीस हजार चारशे झाले. माझ्या पगारातून नि नंदूच्या कमाईतून अठरा हजार नऊशे, आईच्या जेवणावळीचे आणि पापडांचे सात हजार अडीचशे, वहिनीच्या शिकवणीचे तीन हजार. आज नागावात दर दुसऱ्या घरावर खोल्यांची पाटी आहे आणि पैसे फोनवर टिंग करून येतात. तेव्हा नोटा येत, आणि त्यांना माशांचा वास येई.

पावसाळ्यात मात्र आम्ही हललो. पर्यटक थांबले, मासेमारी बंद झाली, रघूची बोट किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेली, आणि सोनेतारणवाल्यांचं पत्र आलं की व्याज वेळेवर न आल्यास दागिने लिलावात काढू. वहिनीने ते पत्र आम्हां तिघांपुढे ठेवलं. त्या रविवारी नंदूने चाल लावली नाही.

"राहू देत पाटल्या," वहिनी म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही सगळे चार महिने चहासुद्धा मोजून पिताय. हे आले की मी सांगेन, हरवल्या."

आई वाती वळत होती. तिने मान वर केली नाही. "हरवल्या म्हनशील, आनि मंग सगळी आळी शोधाया येल. विहिरीत गळ टाकतील. गजाभाऊ तर माडावर चढून बघंल. त्यापरीस राहिलेलं अठ्ठावीस हजार सोपं हाय, पोरी." मग तिने कमरेचं वहिनीचं पाकीट काढलं, त्यातून व्याजाचे पैसे मोजले आणि माझ्यापुढे टाकले. "उद्या भर. आनि हिला आज दोन घावनं जास्ती वाढा. हातातलं सोनं गेलंय, हात न्हाय गेलं."

सासू-सुनेच्या नात्याबद्दल मी पुढे पुष्कळ ऐकलं, काही पाहिलंही. पण तेव्हापासून तो विषय निघाला की मला आईची ती वाती वळणारी बोटं आठवतात.

दिवाळीला बारा दिवस उरले तेव्हा हिशेब असा होता: व्याजासकट देणं पासष्ट हजार नऊशे, भरले अठ्ठावन्न हजार साडेपाचशे, बाकी सात हजार तीनशे पन्नास. दादाचा फोन आला होता. पुढच्या शनिवारी मांडव्याला उतरणार. आणि नेमकं त्याच दुपारी, ताटावर बसल्या बसल्या, बाबांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी पारायणाची समाप्ती. सात महिने झाले, घराला पुण्य लागलं. आळीत सांगून आलोय. पन्नास पानं. वाचन पुढल्या अंगणात करायचं, माईक सांगितलाय."

नंदूच्या हातातला घास तिथेच राहिला. मला डोळ्यांपुढे दिसलं: पन्नास माणसं हात जोडून बसली आहेत आणि नंदू माईकवर माझ्या कार्डाचं व्याज म्हणतो आहे.

तीन दिवस आम्ही नुसत्या युक्त्या काढल्या. नंदू म्हणाला, घसा बसला सांगू. आई म्हणाली, वही उंदरांनी खाल्ली सांगू. मी खरी पोथी आणून पाठ करण्याचं वेळापत्रकसुद्धा मांडलं, रोज चाळीस ओव्या. वहिनी ऐकत राहिली आणि चौथ्या सकाळी उठून सरळ अंगणात गेली. आम्ही तिघं तिच्या मागे, जरा अंतर ठेवून.

बाबा सुपाऱ्या सोलत होते. वहिनी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, पारायण खोटं आहे. ती हिशेबाची वही आहे. मी पाटल्या गहाण टाकून रघूला साठ हजार दिले."

बाबांनी हातातली सुपारी पुरती सोलली. "बोट पाण्यात आहे ना त्याची?"

"आहे."

"मग पैसे बुडाले नाहीत." त्यांनी कोयती बाजूला ठेवली आणि आमच्याकडे पाहिलं. "तीस वर्षं चालत्या गाडीत बेरजा केल्यात मी. कुठल्या पोथीत रिक्षाचे बारा रुपये येतात रे? दुसऱ्या रविवारीच कळलं. म्हटलं, ऐकू तरी, पुढे कथा काय होते. कुणाला बोलावलं नाही मी, आणि माईकही नाही. बघत होतो, आधी कोण उठून येतं." मग माझ्याकडे बोट केलं. "आणि तू. श्रावणातल्या एका रविवारी तुझी बेरीज चाळीस रुपयांनी चुकली होती. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. पण सांगणार कसं?"

मी आत जाऊन वही पाहिली. चाळीस नव्हे, पंचेचाळीस. हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पुडकं काढलं. सात हजार तीनशे पन्नास, शेवटची पन्नासची नोटसुद्धा वेगळी घडी केलेली. "ही भेट नाही. अक्षय तृतीयेच्या आत परत. आणि मला फसवलंत त्याचा दंड म्हणून येत्या रविवारपासून मी आत बसणार. नंदू, चाल तूच लाव." आईने विचारलं, "आनि तुमचं पाकीट कुनाकडं?" बाबांनी जरा विचार केला आणि पाकीट वहिनीच्या हातात दिलं. त्या दिवसापासून तंबाखूसाठी ते सुनेपुढे कारणं सांगत उभे राहत, आणि ती चार प्रश्न विचारल्याशिवाय देत नसे.

पाटल्या शुक्रवारी सुटल्या. पाच माणसं एका खिडकीशी गेलेली पाहून तिथल्या कारकुनाने विचारलं, दागिना कुणाचा? आम्ही सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं, आणि ती म्हणाली, "आमचा."

शनिवारी ती आणि मी मांडव्याला गेलो. दादा लाँचमधून उतरला, खांद्यावर बॅग, उन्हाने काळा पडलेला. वहिनीच्या हातात पाटल्या होत्या, तेव्हा तिने काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तसं मी तिला वाटेत सुचवलंही होतं. पण तिने धक्क्यावरच, रिक्षात बसायच्या आधी, सगळं सांगितलं: कधी ठेवल्या, कुणी कुणी सोडवल्या, किती व्याज गेलं. दादा ऐकून घेऊन रिक्षात बसला. चोंढी गाव मागे पडेपर्यंत तो बॅगेचा पट्टा काढत-लावत राहिला. वहिनी बाहेर पाहत होती आणि तिने दोन्ही मनगटं घट्ट धरली होती. अलिबागच्या अलीकडे दादाने घसा खाकरला आणि विचारलं, "इंजिन नवं घेतलं का जुनं?"

"नवं," वहिनी म्हणाली.

"जुन्यात फसवतात," दादा म्हणाला, आणि पुढल्या रविवारी तो थळला इंजिन पाहायला गेला.

बाकीची कर्जं फिटायला आणखी दोन वर्षं लागली. बाबांचे पैसे अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी दिले, आईचं साडीचं त्याआधीच संपलं होतं, माझं कार्ड नंदूने कात्रीने कापलं आणि नंदूचा शेवटचा हप्ता वहिनीने पतपेढीत भरला. राहिला रघू. त्याने बावीस हजार रोख दिले आणि उरलेल्याबद्दल म्हणाला, सवड होईल तसं मासळीत फेडतो. वहिनी हिशेब ठेवणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी ठेवला. पापलेट, सुरमई, कोळंबी, त्या त्या दिवशीच्या बाजारभावाने, आणि बहीण म्हणून कुठलीही सूट न धरता. वर्षानुवर्षं टोपल्या येत राहिल्या. गेल्या वर्षी बेरीज मारली तेव्हा दिसलं की अडतीस हजार फिटून वर दोन हजार तीनशे दहा रुपये आमच्याकडेच निघतात. वहिनी म्हणाली, "भाऊजी, गप्प बसा. माहेरचं कुणी मोजतं का?" पण मला झोप येईना. मी थळला जाऊन किनाऱ्यावर रघूला गाठलं आणि वही दाखवून पैसे त्याच्या हातात ठेवले. तो आधी भांडला, मग हसला, मग त्याने नोटा मोजल्या आणि दहाची एक परत केली. म्हणाला, गेल्या खेपेचं एक पापलेट जरा लहान होतं. दिले दोन हजार तीनशे, रघूला, रोख.